पेरूएवढ्या पोटाचा माणूस

जऊळक्याच्या स्टेशनवर गाडी थांबली की एक काटकुळा माणूस पाण्याची बादली आणि पितळी पेला घेऊन डब्याडब्यापाशी जाताना दिसतो. डोक्याला तांबडं पागोटं, अंगात ढगळ बंडी. तेच देवलाभाऊ राठोड. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पाणीवाले नव्हते, हमाल होते, आणि काटकुळे तर मुळीच नव्हते.

ते साल एकोणपन्नास. माझे यजमान इथे तिकीटबाबू म्हणून बदलून आले आणि मला गावच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. आमचं सामान मालडब्यातून उतरवलं ते देवलाभाऊंनी. माझ्या माहेरचं सागवानी कपाट अकोल्याला चढवताना चार माणसं लागली होती. देवलाभाऊंनी ते एकट्यानं पाठीवर घेतलं, आमच्या खोलीपर्यंत आणलं आणि पाठीवर तसंच तोलून धरून मला विचारलं, "बाई, कोनत्या भिंतीले लावू?" मी गोंधळून एक भिंत दाखवली. मग वाटलं, खिडकीजवळ बरं दिसेल. ते हसून म्हणाले, "नीट पाहून सांगा, मले घाई नाई." कपाट पाठीवरच होतं.

त्यांचा तांडा स्टेशनपासून अर्ध्या कोसावर. बंजाऱ्यांची पंचवीस-तीस घरं. घरी बायको मोतीबाई आणि एकच मुलगी, हिरी. ती माझ्याकडे शाळेत यायची, केसांत चांदीच्या घुगऱ्या वाजवत. हमालांचा मुकादम वहाबभाई हा देवलाभाऊंचा जिवाचा दोस्त. दोघांचं भांडण रोज, आणि रोज एकाच विडीवर मिटायचं.

देवलाभाऊंचं खाणं सगळ्या पंचक्रोशीत गाजलेलं होतं. गोवरीच्या विस्तवात भाजलेले आमच्याकडचे गव्हाचे रोडगे मुठीएवढे असतात. चांगला कसाचा माणूस चार खातो आणि उताणा पडतो. एका जेवणात वहाबभाईंनी पैज लावली की देवला दहा खाईल तर मी त्याला खांद्यावर बसवून तांड्यापर्यंत नेईन. देवलाभाऊंनी अकरा खाल्ले, वर वाडगाभर वरण प्यायले. वहाबभाई त्यांना घेऊन निघाले आणि नाल्यापाशी दोघेही आडवे झाले. "दस में मैं मान जाता," वहाबभाई अजून सांगतात, "अकरावा रोडगा भारी पडला, बाई. माह्यावर."

पन्नास सालच्या पावसाळ्यानंतर देवलाभाऊंच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं तसं जुनंच असावं, त्यांनी सोडा खाऊन दाबून ठेवलेलं. हळूहळू खाल्लेलं उलटून पडायला लागलं, आणि तेही लगेच नाही. आज दुपारची भाकर उद्या सकाळी, तशीच्या तशी. तांड्यात भगत झाला, नवस झाले, पोहरादेवीला जाऊन आले. चार महिन्यांत हा डोंगरासारखा माणूस अर्धा झाला. शेवटी माझ्या यजमानांनी चिठ्ठी लिहून दिली आणि वहाबभाई त्यांना आगगाडीनं अकोल्याला, तिथून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

दोन महिन्यांनी दोघं परत आले. फलाटावर देवलाभाऊंना मी ओळखलंच नाही. वहाबभाईंच्या शेजारी एक म्हातारा उभा आहे असं वाटलं. वहाबभाई सगळ्यांना गोळा करून सांगत होते, आणि हमालाला जसं सांगता येईल तसंच सांगत होते.

"पोट म्हंजे काय, पोतं हाय. ह्याच्या पोत्याच्या बुडाले जखम. होऊन होऊन तिथचा रस्ताच बंद झाला. डाक्टरनं काय केलं, पोत्याचे तीन हिस्से कापून फेकले. वरचा एक हिस्सा ठेवला, त्याले आतडं आनून जोडलं, आन् देलं शिवून. आपन दाभनानं शिवतो तसं. डाक्टर म्हने, पयले नारळ होता, आता पेरू हाय. बस, पेरूएवढं पोट."

"मग ह्यो जगन कसा?" कुणीतरी विचारलं.

"जगून तं राह्यला, बे! उभा हाय नं तुह्यासमोर!"

मी त्या रात्री बालाजीपुढे दिवा लावला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मला सातवीपर्यंत शिकवलेलं शरीरशास्त्र आठवत होतं, त्यात पोटाचं चित्र होतं. ते चित्र तीन बोटांनी झाकून पाहिलं. उरलेल्या एवढ्याशा जागेवर एक माणूस चालतो, बोलतो, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवतो. माणसाच्या हातांनी हे केलं, पण ते शिवलेलं धरलं कुणी? टाका घालणं डॉक्टरांचं, आणि त्या टाक्याच्या दोन्ही कडांना मांस येणं हे कुणाचं? मला त्याचं उत्तर माहीत आहे, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा अंगावर आलं.

पोट शिवलं म्हणजे दुखणं संपलं असं सगळ्यांना वाटलं होतं. घरी आल्याच्या आनंदात मोतीबाईंनी सेवालाल महाराजांना गुळाची लापशी केली आणि पहिला वाडगा नवऱ्याला दिला. त्यांनी तो संपवला. पाव तासात त्यांच्या अंगाला पाण्यासारखा घाम सुटला, छाती कापसाच्या जिनातल्या इंजिनासारखी धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते चुलीपाशीच कोसळले. बायांनी कांदा हुंगवला, कुणी लिंबाच्या डहाळीनं झोडपलं. तासाभरानं ते आपोआप उठून बसले. दुसऱ्या दिवशी मोतीबाई एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. एका बाजूला इंग्रजीत डॉक्टरांचं, ते मला वाचता येईना. मागच्या बाजूला दवाखान्यातल्या कुणी मराठी सिस्टरनं पेन्सिलीनं लिहून दिलं होतं:

"दिवसातून सहा वेळा, थोडे थोडे खावे. खाताना पाणी पिऊ नये, तासाने प्यावे. खाल्ल्यावर थोडा वेळ आडवे व्हावे. गूळ, साखर, गोड पदार्थ बिलकुल नको, त्याने घाम व चक्कर येते. हे जन्मभर पाळावे."

"जन्मभर?" मोतीबाईंनी विचारलं.

"असंच लिहिलंय."

त्या कागदाची घडी करून त्यांनी चोळीत ठेवली आणि म्हणाल्या, "वाचाले मले येत नाई. पन पाठ करून देसान का, बाई?" मी पाचही वाक्यं त्यांना पाठ करून दिली. आमच्या शाळेतल्या मुलींनी कविता कधी इतक्या लवकर पाठ केली नाही.

हमाली गेली. माझ्या यजमानांनी आणि वहाबभाईंनी खटपट करून त्यांना स्टेशनवर पाणीवाल्याचं काम मिळवून दिलं. सहा वेळा खायचं, पण त्यांच्यापाशी घड्याळ कुठलं? त्यांनी गाड्यांवर बेत बसवला. चार पॅसेंजर आणि दोन मालगाड्या. गाडी गेली, फलाट मोकळा झाला की लिंबाखाली बसायचं, फडक्यातून भाकरीचा चतकोर काढायचा, सोबत कधी उकडलेलं अंडं, कधी मटणाचा तुकडा, कधी नुसती घट्ट तुरीची डाळ. मालगाडी उशिरा आली की यांचे हात थरथरायला लागत. मग वहाबभाई ओरडत, "अरे देवल्या, खा नं आधी! तुह्यं पोट काय रेल्वेच्या नोकरीत हाय का? सिग्नल पडल्याबिगर तोंड उघडत नाई!"

"सिग्नल नाई, शिस्त हाय," देवलाभाऊ म्हणायचे.

त्यांचं ते खाणं मी शाळेतून येता-जाता पाहत असे. एक घास किती वेळ चावावा? मी एकदा मनातल्या मनात जप सुरू केला. माझे सत्तावीस झाले तरी त्यांचा घास तोंडातच होता. डोळे अर्धे मिटलेले. बाजूनं कुत्रं गेलं, पोरं ओरडली, त्यांना पत्ता नाही. मी विचारलं, "देवलाभाऊ, कंटाळा नाही येत?"

ते म्हणाले, "पयले मी अकरा रोडगे खाल्ले, बाई. पन ज्वारी कशी लागते, हे मले ठाऊकच नव्हतं. ती गोड असते. गूळ नाई खात मी, पन ज्वारीत बी गोड रायते, चावता चावता येते. कोनाले सांगितलं तं हासते."

मी हसले नाही. माझा सोमवारचा उपास असतो. त्याच आठवड्यात ते पाण्याचा हंडा ठेवायला घरी आले आणि माझं ताट पाहून थांबले. वरीचा भात, दाण्याची आमटी, बटाटा, केळं. "बाई, आज उपास नं?" म्हणाले. "हे तं माह्यं दोन दिवसांचं जेवन हाय." त्यांना काही लागट बोलायचं नव्हतं, सहज बोलले ते. मी मात्र त्या दिवशी केळं परत ठेवून दिलं.

तिसऱ्या वर्षी नवंच सुरू झालं. जीभ लालभडक, सोललेल्यासारखी. पायांना सारख्या मुंग्या. चेहरा पिवळट, बादली उचलली की धाप. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोट नुसतं अन्न ठेवायची पिशवी नाही, रक्त तयार व्हायला लागणारी एक गोष्टही तिथेच होते. पिशवी गेली तशी तीही गेली. तेव्हापासून दर महिन्याला ते सकाळच्या गाडीनं वाशीमला जाऊन दंडात सुई टोचून घेतात. मी हे ऐकलं तेव्हा पुन्हा चकित झाले. एवढीशी जागा, आणि तिच्यात देवानं किती कामं नेमून दिलेली! आपल्याला एकही सांगावं लागत नाही, म्हणून आपल्याला एकही माहीत नसतं.

असं सहा वर्षं चाललं. सत्तावन्न साली हिरी अठराव्या वर्षात आली आणि मेडशीकडच्या तांड्यातून तिला मागणी आली. मुलाचे वडील गोविंदसिंग पवार. मुलगा शेतीत कष्टाळू, दोन इयत्ता शिकलेला. हिरीनं त्याला एकदा बाजारात पाहिलं होतं. मी विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "बरा हाय." आमच्या हिरीच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

गोविंदसिंगांनी हे घर निवडलं त्याचं एक कारण देवलाभाऊंचं नाव हे होतं. अकरा रोडगे त्यांच्या तांड्यापर्यंत पोचले होते. "तसल्या कसदार मानसाची पोरगी हाय," ते सगळ्यांना सांगत. माणूस एवढा का वाळला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मोतीबाई पटकन म्हणाल्या, "ताप आलता, मोठा." भीतीनं बोलल्या. ज्याचं पोट कापून काढलंय त्याच्या घरात कोण सोयरीक करील? देवलाभाऊंनी ते खोडून काढलं नाही, आणि तिथेच सगळं बिघडलं.

बंजाऱ्यांत सोयरीक पक्की होते ती गुळानं. गुळाला ते गोळ म्हणतात. मुलाकडचे गुळाची ढेप घेऊन मुलीच्या तांड्यात येतात. दोन्ही तांड्यांचे प्रमुख, म्हणजे नाईक, आणि पंच बसतात, मुलाचा बाप पहिला खडा मुलीच्या बापाच्या हातावर ठेवतो, आणि तो त्यानं सगळ्यांदेखत खायचा. मग बाकीचे खातात. तो खडा पोटात गेला की शब्द दिला गेला. कागद नाही, सही नाही. आईचा गोळ चालत नाही, काकाचा चालत नाही, बाप जिवंत असेल तर बापाचाच लागतो.

मला त्या दिवशी बोलावणं होतं. मी बायकांत बसले होते. गोविंदसिंगांनी सुपारीएवढा खडा देवलाभाऊंच्या हातावर ठेवला. देवलाभाऊंनी तो तोंडात टाकला. मोतीबाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की गालात धरा, मग हळूच काढा. त्यांनी तसंच केलं. लोक एकमेकांना राम राम करत होते तेवढ्यात तोंड पुसल्यासारखं करून खडा काढला आणि पागोट्याच्या घडीत खोचला. कुणाला दिसलं नाही, असं आम्हाला वाटलं.

पण मुलाची आजी, धुरपताबाई, समोरच बसली होती.

"थांबा रे!" ती ओरडली. "गोळ तोंडातून काढला यानं! पागोट्यात खोसला! म्या पाह्यला, या डोयानं पाह्यला!"

नाईकांनी पागोटं काढायला लावलं. ओला खडा खाली पडला. गोविंदसिंग उभे राहिले. "पोरगी द्याची नव्हती तं सांगाचं होतं, देवला. वीस मानसांसमोर गोळ थुकून माह्यं नाक काहून कापलं?"

"तसं नाई..." देवलाभाऊ बोलले. तापाची गोष्ट सांगून झाली होती. आता पोटाची सांगितली तर पहिली खोटी ठरत होती. ते उभे, हातात पागोटं. मुलाकडचे ढेप उचलून निघून गेले.

तोंडातून काढलेला गोळ ही साधी गोष्ट नाही. बापानंच शब्द परत घेतला, तेव्हा मुलीतच काहीतरी असेल, असं तांड्यातांड्यांत बोललं जातं. दुसरं कुणी मागायला येत नाही. आठ दिवसांनी हिरी माझ्याकडे आली, पाटीवर अक्षरं गिरवायची त्याच कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, "बाई, गोळ खाल्ला तं बाप पडते. नाई खाल्ला तं मी घरी रायते. मंग मी घरीच रायते नं. पन माह्या बापाले लोक खोटा म्हनून राह्यले, ते मले आयकवत नाई."

मी मोतीबाईंना म्हटलं, खरं सांगून टाका. त्यांनी देवलाभाऊंना सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहाबभाईंच्या हाती निरोप धाडला: मी तुमच्या तांड्यात येतो, जे आहे ते सांगतो. तिकडून उत्तर आलं की या, पंच बसतील. सांगणं पटलं तर पाहू, नाही तर पुन्हा या गोष्टीचं नाव काढू नका.

"बाई, कागद वाचाले तुमी चाला," मोतीबाई म्हणाल्या. "मले पाठ हाय, पन माह्यं कोन आयकते? तुमी मास्तरीन हाय."

रविवार होता. दमणीत मी, मोतीबाई आणि देवलाभाऊ, बैल हाकायला वहाबभाई. रस्ताभर देवलाभाऊंनी दोनदा थांबवून चतकोर-चतकोर भाकर खाल्ली आणि झाडाखाली आडवे झाले. वहाबभाईंनी एकही विनोद केला नाही. त्यावरूनच मला दिवस कसा आहे ते कळलं.

त्या तांड्यात पंच चावडीपुढच्या लिंबाखाली बसले होते. मधोमध नाईक, पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस. एका बाजूला गोविंदसिंग, मान वळवून. धुरपताबाई खाटेवर, आणि भोवती सगळा तांडा गोळा झालेला. ते आपसांत त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत. मी उभी राहून सिस्टरनं लिहिलेली पाच वाक्यं वाचली. माझा आवाज चांगला मोठा आहे, सगळ्यांना ऐकू गेला.

नाईक म्हणाले, "बाई, तुमी खोटं वाचून नाई राह्यल्या, हे मी मानतो. पन गोळानं मानूस पडते? उन्हातून दमून मानूस येते तं आपन त्याले गोळ-पानी देतो. पोरगं झालं का बायतिनीले गोळ देतो. बैलाले देतो. गोळानं पडलेला मानूस उठते, बाप्पा. उठलेला कसा पडन?"

लोक हसले. खरं म्हणजे त्यांचं काही चुकत नव्हतं. मलाही सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

"आन् पोट कापलं म्हनता," धुरपताबाई म्हणाली, "पोट कापलेलं मानूस जगते का? ताप आलता म्हने पयले. आता पोट. उद्या म्हनसान मुंडकं नाई."

देवलाभाऊंनी बंडी काढली. छातीच्या खाली मधोमध सरळ वण होता, बेंबीपर्यंत, शिवलेल्या पोत्यासारखाच, दोन्हीकडे टाक्यांच्या खुणा. एकदोघे पुढे येऊन वाकून पाहून गेले. तरी मागून कुणी बोललंच, "रेल्वेत कापलं असन."

देवलाभाऊ हळू आवाजात म्हणाले, "तापाचं आमी खोटं बोललो. ते आमचं चुकलं. पोट गेलं हे सांगाची लाज वाटली. माह्यं नाव पोटावरच होतं नं." मग गोविंदसिंगांकडे वळून म्हणाले, "गोळ हाय का घरात?"

"नोका खाऊ," मोतीबाई उठल्या. "वाशीमचा डाक्टर काय म्हनला? रगत नाई अंगात. आता पडसान तं..."

"त्या टायमाले मी लपवला, म्हनून पोरीचं नुकसान झालं," ते म्हणाले. "आता सर्वे पाहतीन." आणि सगळ्यांना सांगायला लागले, फलाटावर गाडीचा वेळ सांगावा तसं सरळ. "मी गोळ खाईन. थोड्या टायमानं मले घाम येईन, लय येईन. छाती उडन. मी पडन. कोनी पानी पाजू नोका, कांदा हुंगवू नोका, भगताले बलावू नोका. घोंगडी टाकून निजवा आन् बसून राहा. दीड-दोन घटकांत उठतो. आजपर्यंत दरवेळा उठलो. आज नाई उठलो, तरी पोरीचा गोळ मी खाल्ला, हे तुमी पाह्यलंच."

आता कुणी हसलं नाही. गोविंदसिंगांनी आतून ढेप आणली. त्यांनी नखाएवढा कपचा काढला. रागावलेले असले तरी माणूस वाईट नव्हता.

"मोठा दे," देवलाभाऊ म्हणाले. "लेकीचा हाय."

गोविंदसिंगांनी सुपारीएवढा खडा फोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. देवलाभाऊंनी कपाळाला लावून तो तोंडात टाकला. मी वर्षानुवर्षं त्यांना चावताना पाहिलं होतं, तसंच ते चावत होते, घाई नाही, डोळे अर्धे मिटलेले. सहा वर्षांत पहिल्यांदा गूळ त्यांच्या जिभेवर पूर्ण विरघळत होता. गिळला. तोंड उघडून नाईकांना रिकामं दाखवलं. मग घोंगडीवर बसले.

रीतीप्रमाणे नाईकांनी सगळ्यांच्या हातावर एकेक खडा ठेवला. माझ्याही आणि वहाबभाईंच्याही. कुणी तोंडाकडे नेणार तोच नाईकांनी हात वर केला. "थांबा. यानं खाल्लेला अजून त्याच्या पोटात बसाचा हाय."

आधी देवलाभाऊंचा वरचा ओठ ओला झाला. मग कपाळावरून धारा लागल्या, गळ्यावरून, छातीवरून, पोटावरच्या वणावरून. तोंडाचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला. गळ्याची शीर इतकी उडत होती की पाच हातांवरून मला ती मोजता आली असती. ते आडवे झाले, हातपाय थरथरायला लागले. मोतीबाई पदरानं वारा घालत होत्या आणि तोंडानं माझीच पाच वाक्यं पुटपुटत होत्या, सेवालाल महाराजांचं नाव घ्यावं तशी. मी बालाजीचं नाव घेत होते. वहाबभाईंचे ओठही हलत होते. एका माणसाच्या पोटात सुपारीएवढा गूळ होता, आणि शे-दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती.

एक म्हातारा भगत उठायला लागला. नाईक म्हणाले, "बस. त्यानं सांगितलं हाय."

ऊन लिंबाच्या बुंध्यापासून सरकून घोंगडीच्या कडेला आलं. घोंगडी ओली झाली होती. मध्ये एकदा त्यांचे डोळे फिरले आणि मला वाटलं, संपलं. मी मोतीबाईंचा हात धरला, तो बर्फासारखा होता. तेवढ्यात धुरपताबाई खाटेवरून उतरली. म्हातारी जवळ आली, उकिडवी बसली आणि आपल्या ओढणीच्या काठानं देवलाभाऊंचा चेहरा पुसायला लागली. घाम येतच होता, ती पुसतच होती.

मग शीर हळू झाली. मी पाहत होते, म्हणून मला सगळ्यांच्या आधी दिसलं. थरथर बोटांपुरती उरली, मग तीही गेली. राखेच्या रंगाखालून माणसाचा रंग वर आला. ते डोळे मिटूनच होते, पण आता झोपलेल्यासारखे. सगळ्या बैठकीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मी देवळात पुष्कळ वेळा बसले आहे. इतकी माणसं इतकी गप्प मी तिथेही पाहिली नाहीत.

देवलाभाऊंनी डोळे उघडले. धुरपताबाईचा चेहरा अगदी वर होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहाबभाईंनी पाठीला हात दिला तसे उठून बसले आणि आजूबाजूला नजर फिरवली. दीडशे माणसं हात पुढे करून बसलेली. उन्हानं गूळ पाघळून प्रत्येकाच्या तळहातावर पसरला होता, बोटांतून ओघळत होता, माशा बसत होत्या, आणि कुणी हात हलवला नव्हता.

गोविंदसिंगांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हातात गूळ म्हणून त्यांना ते पुसताही येईना.

"काहून बसले असे?" देवलाभाऊ बारीक आवाजात म्हणाले. "खा नं आता. गोड हाय."

आणि सगळ्यांनी एकदमच हात तोंडाकडे नेले.